नव्या सायकलीवरचा पहिला ओरखडा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना वंदन करून मी माझ्या विषयाला सुरुवात करतो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मोठमोठे विषय मांडले. माझा विषय ऐकून काहींना हसू येईल. मी सायकलवर बोलणार आहे, आणि त्यातही नव्या सायकलीवर पडणाऱ्या ओरखड्यावर. समितीने मला सांगितलं होतं, घरोघरी उपयोगी पडेल असं काहीतरी बोला. मी गिरणीतला माणूस. पुस्तकं वाचतो ती पाळी सुटल्यावर. पण लोखंड, तेल आणि गंज यांच्यात माझं उभं आयुष्य गेलं, म्हणून हा विषय निवडला.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्या वस्तीत पाच-सहा नव्या सायकली आल्या. कुणी बचत गटातून कर्ज काढून घेतली, कुणी बोनसमधून घेतली, कुणाला योजनेतून मिळाली. बहुतेक सायकली मुलींसाठी आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातल्या काही सायकली मी पाहतो, तर त्या पडवीत उभ्या आहेत. दांडीवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नाही. वरून जुनी साडी टाकलेली आहे. आणि मुलगी मात्र दप्तर पाठीला लावून चालत निघाली आहे. विचारलं तर म्हणते, "काका, ओरखडा पडला की पप्पा लई बोलतात." एका घरात मडगार्डला पहिला चट्टा पडला त्या दिवशी सायकलीला जे कुलूप लागलं ते पंधरा दिवस उघडलं नाही.

मी त्या आई-बापांना दोष देत नाही. आपल्या घरात कोरी वस्तू येणं ही कालपरवाची गोष्ट आहे. आपल्या आई-वडिलांनी दुसऱ्याची उतरलेली कापडं घातली, जुनी पुस्तकं वापरली. सायकल घेतली तरी ती तिसऱ्या हातातली. पाच-सहा हजारांची कोरी सायकल दारात उभी राहते तेव्हा बापाला वाटतं, ही अशीच राहावी. तिच्यावर चट्टा पडला की आपल्या घामावर चट्टा पडल्यासारखं वाटतं. ही भावना मला समजते. पण भावना समजली म्हणून हिशेब बदलत नाही. सायकल कशासाठी घेतली, हा हिशेब आधी करू.

बिहारचं उदाहरण घ्या. २००६ साली तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. त्याचा पुढे काय परिणाम झाला, ते कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी तपासलं. त्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की, माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. जिथे शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती त्या गावांत हा फरक जास्त दिसला. आपल्या राज्यातही मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. कशासाठी? मुलीची शाळा सुटू नये म्हणून. तिचा रंग चकचकीत राहावा म्हणून नव्हे.

दुसरं उदाहरण तमिळनाडूचं. पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ साली साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती उचलून धरली. शेतात राबणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या हजारो बाया सायकल शिकल्या. पी. साईनाथ या पत्रकाराने त्यावर लिहिलं आहे. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्या बायांनी पुरुषी सायकली घेतल्या. काहींना तर त्याच जास्त पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. आता विचार करा, मूल, पाण्याची घागर, भाजीची पाटी घेऊन चाललेल्या त्या सायकलींवर ओरखडे पडले नसतील का? नक्कीच पडले असतील. पण ओरखडे पडू नयेत म्हणून त्या बाया घरी बसल्या नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेची एक मोठी पाहणी २००६ साली पुस्तकरूपाने आली. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ते लिहिलं. अकरा राज्यांतली ५६५ गावं त्यांनी पाहिली. त्यात अशीही गावं सापडली, की जिथे दलितांना सार्वजनिक रस्त्यावरून सायकलवर बसून जाता येत नव्हतं. म्हणजे सायकल असूनही ती हाताने ढकलत न्यायची. ज्यांच्या वाट्याला ही मनाई आली त्यांना विचारा सायकलीचं मोल. आणि इथे आपल्या मुलीला रस्ता मोकळा आहे, सायकल दारात आहे, आणि आपणच तिला मनाई करतो. ती कशापायी? रंगापायी!

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की करू की, सायकल वापरायची म्हणजे तिच्यावर खुणा पडणारच. प्रश्न एवढाच आहे की, कोणती खूण तशीच सोडून द्यायची, कोणती त्याच दिवशी दुरुस्त करायची आणि कोणत्या खुणेला घाबरायचं. हे ज्याला कळलं त्याचा राग निम्मा कमी होतो. खुणा तीन प्रकारच्या असतात. एकेक सांगतो.

पहिला प्रकार म्हणजे वरवरचा ओरखडा. रंगाच्या वरच्या चकाकीवर रेघ उठते, पण खाली रंग शाबूत असतो. ओळखायचं कसं? ओल्या फडक्याने जागा पुसा. ओली असताना रेघ दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत दिसली, तर ती वरवरची समजा. नखाने हळूच आडवं चाचपा, नख अडकत नसेल तर काळजी नको. याने सायकलीचं काडीचंही नुकसान होत नाही. फारच डोळ्याला खुपत असेल तर मऊ बनियनच्या कपड्यावर हरभऱ्याएवढी पांढरी टूथपेस्ट घ्या, हलक्या हाताने गोल गोल घासा आणि ओल्या फडक्याने पुसून टाका. बारीक रेघा बऱ्याच कमी होतात. गाडीच्या पॉलिशनेही होतं. पण रोज रोज घासू नका, कारण घासण्याने रंगच झिजतो. नाही केलं तरी चालतं. या ओरखड्यासाठी मुलीला एक शब्दही बोलायचं कारण नाही.

दुसरा प्रकार म्हणजे रंग उडून लोखंड उघडं पडणं. इथे नख अडकतं आणि आत राखाडी, चमकणारं लोखंड दिसतं. उशीर झाला असेल तर तपकिरी ठिपका दिसतो. हा चट्टा तांदळाच्या दाण्याएवढा असला तरी याच्याकडे लक्ष द्यावं लागतं. का? ते जरा समजून घेऊ.

लोखंडाला पाणी आणि हवा, म्हणजे हवेतला ऑक्सिजन, दोन्ही मिळालं की गंज धरतो. दोनपैकी एक नसेल तर गंज चढत नाही. रंगाचं काम शोभेचं आहे असं आपल्याला वाटतं. त्याचं खरं काम या दोघांना लोखंडापासून लांब ठेवणं हे आहे. गंजाचा दुसरा गुण असा की, जेवढं लोखंड खातो त्यापेक्षा कितीतरी जास्त जागा गंज व्यापतो. म्हणून तो रंगाच्या खाली शिरला की रंगाला वर उचलतो. फुगा येतो, फुगा फुटतो, नवीन लोखंड उघडं पडतं आणि गंज पुढे सरकतो. आमच्या गिरणीत सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवतात. सुताला ती मानवते, लोखंडाला मानवत नाही. म्हणून तेलाच्या बोळ्याने साचे पुसणं हे आमच्याकडे रोजचं काम. एक आठवडा हात फिरला नाही तर लाल भुकटी दिसायला लागते.

आणि आपला मुळशी तालुका म्हणजे काय, चार महिने ते दमट खातंच आहे! ताम्हिणीच्या बाजूला पाऊस किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. २५ जुलै २०२४ या एका दिवसाची ताम्हिणीची नोंद ५५६ मिलिमीटर आहे. पुणे शहरात कित्येक वर्षी सबंध पावसाळ्यात जो पडतो, त्यातला मोठा हिस्सा इथे एका दिवसात पडला. पौड, पिरंगुटकडे तेवढा नसला तरी जून ते सप्टेंबर भिंतीला ओल असतेच. अशा मुलखात मे महिन्यात पडलेला तांदळाएवढा चट्टा गणपतीपर्यंत रुपयाएवढा होतो. आता जून तोंडावर आला आहे, शाळा उघडतील. म्हणून हे आजच बोललं पाहिजे.

इथे त्या प्लॅस्टिकच्या कागदाविषयी सांगतो. सायकल कारखान्यातून येते तेव्हा वाटेत घासू नये म्हणून दांड्यांना कागद गुंडाळलेला असतो. त्याचं काम दुकानात संपतं. आपण तो तसाच ठेवतो. पावसात पाणी कागदाच्या फटीतून आत जातं, पण वारा आत जात नाही, त्यामुळे ते वाळत नाही. उघड्या दांडीवरचं पाणी तासाभरात सुकतं, कागदाखालचं आठवडाभर राहतं. रंगाला जपण्यासाठी ठेवलेला कागदच रंगाखाली गंज आणतो. तेव्हा घरी गेल्यावर आधी तो कागद काढा. साडी झाकायची असेल तर सायकल कोरडी असतानाच झाका, आणि साडी ओली झाली तर लगेच काढा.

आता चट्ट्याची दुरुस्ती. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सामान थोडं लागतं. चारशे नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साईडचा किंवा कुठल्याही लोखंडी प्रायमरचा लहान डबा, आणि सायकलीच्या रंगाशी जुळणारा ऑइलपेंट. हार्डवेअरच्या दुकानात पन्नास मिलीचे डबे मिळतात. चार घरांनी मिळून आणले तर कुणालाच जड नाही.

आधी जागा साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग पॉलिश पेपरचा बोटाएवढा तुकडा घेऊन तेवढीच जागा घासा. तपकिरी रंग जाऊन स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत घासायचं. गंज ठेवून वरून रंग दिला तर तो आतल्या आत चालूच राहतो. चट्ट्याच्या कडेचा रंग उचललेला असेल तर तोही घासून सपाट करा. मग कोरड्या फडक्याने पुसा आणि त्या जागेला हात लावू नका, कारण हाताच्या घामात मीठ असतं. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून प्रायमरचा पातळ हात द्या. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी रंगाचा पातळ हात, तो वाळला की अजून एक. एकदम जाड थर देऊ नका, तो ओघळतो आणि आतून कच्चा राहतो. रंग थोडा वेगळा दिसेल. दिसू द्या. गंज थांबला हे महत्त्वाचं.

एवढंही सामान नसेल तर पोरींजवळ असतं ते नेलपॉलिश घ्या. चट्टा घासून, पुसून, कोरडा करून त्यावर नेलपॉलिशचे दोन हात द्या. तोही एक रंगच आहे, पाणी अडवतो. आणि पाऊस चालू आहे, वाळायला वेळ नाही, अशा वेळी चट्टा कोरडा पुसून त्यावर मेणबत्तीचं मेण घासा किंवा व्हॅसलिनचं बोट फिरवा. चार-पाच दिवसांची सोय होते. उघडीप मिळाली की नीट काम करा.

चकचकीत भाग, म्हणजे हँडल, रीम, घंटी, यांचं वेगळं आहे. त्यांच्यावर रंग नसतो, निकेल आणि क्रोमचा पातळ मुलामा असतो. त्याला बारीक छिद्रं असतात, आणि त्यातून लाल ठिपके उमटतात. तिथे पॉलिश पेपर लावायचा नाही, कारण मुलामाच निघून जाईल. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद असतो ना, त्याचा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि हलकेच घासा. ठिपके निघतात. मग कोरडं पुसून हँडलला तेलाचं फडकं फिरवा. लिंबानेही गंज निघतो, पण लिंबू लावलं तर नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरडं केलंच पाहिजे, नाहीतर आंबट पाणी आपलं काम पुढे चालू ठेवतं. मिठाने मात्र घासू नका. मीठ फटीत राहिलं तर गंज दुप्पट जोराने येतो.

आणि एक गोष्ट कान देऊन ऐका. रीमला तेल, व्हॅसलिन, मेण, पॉलिश काही लावायचं नाही. ब्रेकचे रबर रीमवर घासतात तेव्हा सायकल थांबते. रीम चकाकावी म्हणून कुणी तेलाचं फडकं फिरवलं, आणि पोरगी पिरंगुटच्या घाटात उतारावर निघाली, तर ब्रेक लागणार नाही. शोभेपायी जीव धोक्यात घालू नका. रीम फक्त ओल्या आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसायची.

आता तिसरा प्रकार, ज्याला खरोखर घाबरायचं. तो ओरखड्यासारखा दिसतो पण ओरखडा नसतो. सायकल जोरात आपटली असेल, तर जिथे दोन दांड्या जोडलेल्या असतात तिथे नीट बघा. हँडलच्या खालचा सांधा, सीटखालचा सांधा, पायडलचा एक्सल बसतो ती जागा आणि पुढच्या चाकाचा चिमटा. तिथे केसासारखी बारीक रेघ दिसली, घासूनही ती जात नसेल आणि तिच्यातून तपकिरी पाणी झिरपत असेल, तर ती चीर आहे. दांडीवरचा रंग सुरकुतल्यासारखा दिसला तर आतली नळी वाकली आहे. दांडीला खोलगट पोचा पडला असेल, किंवा समोरून पाहिल्यावर पुढचं चाक फ्रेमच्या रेषेत नसेल, तर तेही तसंच. अशा सायकलीवर बसू नका. तिच्यावर रंग तर मुळीच लावू नका, कारण रंगाने चीर झाकली जाते, भरत नाही. दुकानात दाखवा. वापराने गेलेला रंग हमीत सहसा धरत नाहीत, पण फ्रेमचा मूळ दोष बहुतेक ठिकाणी धरतात. म्हणून पावती आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर वहीत लिहून ठेवा. आणि नवी सायकल ताब्यात घेतानाच उजेडात उभी करून चारी बाजूंनी बघा. दुकानातच चट्टा दिसला तर पावतीवर तसं लिहून घ्या. घरी आणल्यावर सांगितलं की दुकानदार म्हणणार, तुमच्याकडूनच पडला.

इथे बोलणाऱ्या बापांना एक विनंती आहे. मुलगी पडली, सायकल आपटली, आणि ती घरी येऊन सांगत नाही, कारण बोलणी बसतील. मग ती चीर आपल्याला कळणार कशी? जिथे चट्ट्यावरून ओरडा मिळतो तिथे मुलं चीरही लपवतात. म्हणून मुलगी घरी येऊन "सायकल पडली" असं म्हणाली, की आधी तिचा गुडघा बघा, मग सायकलीचे सांधे बघा, आणि रंग सगळ्यात शेवटी बघा. हा क्रम घराघरात पाळला तर माझं आजचं बोलणं कामी आलं असं मी समजेन.

आता ओरखडे कमी कसे पडतील, तेही थोडक्यात सांगतो. निम्मे ओरखडे पडल्यामुळे होत नाहीत, रोजच्या घासण्याने होतात. ब्रेकची वायर हँडलजवळ दांडीवर घासते, तिथे चिकटपट्टीचा लहान तुकडा लावा. कुलपाची साखळी सीटखाली आपटत राहते, ती जुन्या ट्यूबच्या तुकड्यात ओवा. कॅरिअरवर दप्तर अडकवताना त्याचं बक्कल खाली येऊ देऊ नका. शाळेच्या स्टँडवर सायकली एकमेकीत अडकतात, तेव्हा हिसका मारून काढू नका, आधी हँडल सोडवा. आपल्या रस्त्याला डंपर चालतात, त्यांच्यामागे खडी उडते आणि खालच्या दांडीचे टवके निघतात. तेव्हा डंपरपासून अंतर ठेवा, रंगासाठीही आणि जिवासाठीही.

सायकल ठेवायची जागाही पाहून घ्या. वळचणीखाली ठेवली तर पागोळ्यांचं पाणी रात्रभर तिच्यावर पडतं. गोठ्यात ठेवू नका, जनावरांच्या मुताने लोखंड लवकर खातं. खताच्या पोत्यांजवळही ठेवू नका, युरियाची भुकटी ओल धरते. पावसातून आल्यावर दोन मिनिटं कोरडं फडकं फिरवा, मडगार्डच्या आतला चिखल काढा, आणि आठवड्यातून एकदा चेनला शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब द्या. चेनला गोडं तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं.

लोखंडाच्या गंजाचा दृष्टांत आपल्याला नवा नाही. धम्मपदातल्या मलवग्गात तो आलेला आहे, आणि डागडुजीवाचून घर कसं मळतं याचाही उल्लेख तिथेच आहे. मी पंडित नाही, अर्थ सांगायला भन्तेजी आहेत. मला त्यातून एक साधी गोष्ट उमजली की, वस्तू टिकते ती झाकून ठेवल्याने नव्हे, हात फिरवत राहिल्याने. ज्यांना पुरावा पाहिजे त्यांनी पुण्याला कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय बघावं. मुलांना घेऊन जा. लोकांनी रोज वापरलेल्या जुन्या सायकली तिथे उभ्या आहेत.

शेवटी समितीपुढे एक सूचना ठेवतो. विहारात एक पेटी ठेवावी. तिच्यात पॉलिश पेपर, प्रायमर, दोन-तीन रंगांचे लहान डबे, तेलाची बाटली, पाने, पंक्चरचं सामान आणि एक पंप असावा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर तासभर सगळ्यांनी सायकली घेऊन यावं. शिकवायला मी येईन, पण काम मुलींनी स्वतःच्या हाताने करायचं. भावाने किंवा बापाने नाही. ज्या मुलीने आपल्या सायकलीचा गंज स्वतः घासून काढला, स्वतः रंग दिला, तिला पुढच्या ओरखड्याची भीती राहणार नाही, आणि दुसऱ्याची वाटही बघावी लागणार नाही. पेटीच्या खर्चात माझी पहिली शंभर रुपयांची वर्गणी मी आज इथेच जमा करतो.

आणि पोरींनो, तुम्हाला एवढंच सांगतो की, शाळा उघडेल त्या दिवशी मला ह्या सगळ्या सायकली रस्त्यावर दिसल्या पाहिजेत. पडवीत एकही दिसता कामा नये.



नमो बुद्धाय! जयभीम!